पहिल्या दिवसाचा करार

मनाच्या दुखण्यासाठी खाजगी सल्लागाराकडे जायचं म्हटलं की माणूस बिचकतो. तिथं काय विचारतील, काय सांगावं लागेल? श्रोतेहो, ही धास्ती जुनी आहे. व्हिएन्ना शहरात बेर्गगासे १९ या घरात डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड १८९१ पासून रोगी पाहत. उपचाराचा आरंभ कसा करावा, यावर त्यांनी १९१३ साली एक निबंधच लिहिला.

पहिले एकदोन आठवडे ते परीक्षेचे मानीत. प्रत्येकाचा तास ठरलेला, रविवार व सुट्या सोडून रोज. रोगी आला नाही तरी त्या तासाचे पैसे द्यावेच लागत. कठोर वाटेल, पण पैशाची गोष्ट आरंभीच उघड बोलावी, असा त्यांचा आग्रह. (वैद्याच्या हातावर किती ठेवावं, हा संकोच आपल्याला नवा नाही.) रोगी कोचावर निजे, डॉक्टर मागे बसत, दिवसाचे आठ तास कुणी आपल्याकडे टक लावून पाहावं, हे त्यांना सोसत नसे!

अट एकच: मनात येईल ते गाळायचं नाही. सरकारी गुपितांच्या शपथेनं बांधलेल्या एका बड्या अधिकाऱ्याचा उपचार या अटीपायीच फसला.

पुढे अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या ग्रंथात रोग्याला 'क्लायंट' म्हटलं. वकिलाचं असतं तसं अशील! आता बहुधा समोरासमोर खुर्च्या असतात. वेळ, फी नि गुप्तता पहिल्याच भेटीत ठरते. सल्लागाराचं शिक्षण आपणही विचारावं. जिवाला धोका दिसला तर मात्र तो गुप्तता मोडू शकतो, हेही त्यानं तेव्हाच सांगायचं असतं.