मंगळसूत्र, बोर्डिंग आणि बी.ए.चं कर्ज

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न सारखा निघतो. लेकीला बी.ए. करायचंय, तेही पुण्याच्या खासगी विद्यापीठात. त्यासाठी कर्ज काढावं का? पगार किती मिळणार आणि हप्ता कोण भरणार? (मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढताना हाच प्रश्न कुणी इतका ताणत नाही, ते असो.) प्रश्न नवा वाटतो, पण शिकायचं कुणाच्या पैशावर, याचा विचार आपल्या भागात शंभर वर्षांपासून चाललेला आहे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्या काळी तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ साली, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० साली. म्हणजे ही गोष्ट आपलीच.

१९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसू लागली. घरची गरिबी, फी कुठून देणार? गावोगावचे लोक धान्य द्यायचे, पोरं स्वतः राबायची, तरी कोठी रिकामी पडायची. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून विकायला दिले. शेवटी मंगळसूत्रही गेलं. माहेरच्या कर्मठ वळणात वाढलेली ती बाई, सगळ्या जातींच्या पोरांना आईसारखी जेवू घालत होती. १९३० साली त्या गेल्या. बोर्डिंगच्या पोरांतून पुढं पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. लक्ष्मीबाईंना ते पाहायला मिळालं नाही.

मंगळसूत्राची ही गोष्ट भाषणांत डोळ्यांत पाणी आणायला सांगतात. आम्हाला त्यातला हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. ते सोनं कुठल्याही वहीत कर्ज म्हणून लिहिलं गेलं नाही. पोरांवर त्याचा बोजा पडला नाही, पण एका बाईच्या अंगावरून ते गेलं, हे खरं.

आणि बाईच्या सोन्यावर संस्था कायम चालायची नाही, हे उघडच होतं. भाऊरावांचा मार्ग होता ‘कमवा आणि शिका’. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते याच तत्त्वावर. पोरांनी शेतात, बांधकामावर राबायचं आणि त्या कष्टावर शिकायचं. यातली मेख अशी की पदवी हातात आली तेव्हा मागे हप्ता नव्हता. मास्तरकीचा पगार थोडा असेना का, पहिल्या महिन्यापासून तो घरी यायचा. पुढं आपल्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ईबीसीची फी सवलत आली, आणि फीचा भार काही अंशी सरकारनं उचलला.

मग कर्ज काढून कुणी शिकलंच नाही का? शिकले. साताऱ्याच्याच शाळेत १९०० साली नाव घातलेले बाबासाहेब आंबेडकर १९१२ साली बी.ए. झाले. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. बदल्यात करार होता: परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. १९१७ साली ते बडोद्याला हजर झाले. पण जात कळल्यावर राहायला जागा मिळेना, आणि काही दिवसांतच नोकरी सोडावी लागली. शिकलेल्याला नोकरी मिळेल, हे कराराच्या कागदावर होतं. त्याला घर कोण देईल, हे कुठंच नव्हतं. पुढं १९१८ साली ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार महिना ४५० रुपये. त्यातून त्यांनी बचत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये उसने घेतले, शाहू महाराजांचीही मदत झाली, तेव्हा १९२० साली ते लंडनला निघाले. आधी कमाई, मग कर्ज, असा तो क्रम. आणि इकडे रमाबाई पैशापैशाची काटकसर करून घर चालवत होत्या, तो खर्च कुठल्या हिशेबात धरायचा?

आता आजचा आकडा मांडू. समजा तीन वर्षांच्या बी.ए.साठी दर वर्षी १ लाख, असं ३ लाखांचं कर्ज काढलं. व्याज १० टक्के. शिक्षणाची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतच असतं. सरळ व्याज धरलं तरी चौथ्या वर्षाअखेर देणं ३ लाख ९० हजार होतं. ते दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिना सुमारे ५,१५० रुपये, आणि एकूण भरणा ६ लाखांच्या वर.

बी.ए. वाया जात नाही, असं आमचं ठाम मत आहे. स्पर्धा परीक्षा, बी.एड., बँक, समाजकार्य, सगळ्यांची दारं तिनं उघडतात. पण ती हळू उघडतात. सुरुवातीला दहा-बारा हजारांची नोकरी लागली तर त्यातला जवळजवळ निम्मा पगार बँकेत जाईल, तोही लेक परगावी भाडं भरत असताना. सांगलीचं विलिंग्डन कॉलेजही १९१९ सालचंच. अशा जवळच्या अनुदानित कॉलेजात फी पुष्कळ कमी असते, आणि ‘कमवा आणि शिका’ रयतच्या कॉलेजांत आजही आहे. तिथं बी.ए. करावं, आणि कर्ज काढायचंच तर ते पुढच्या शिक्षणासाठी राखून ठेवावं, असं आम्हाला वाटतं.

ज्यांनी अर्ज आणलाय, त्यांनी त्यात सहकर्जदार म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. तिथं तुमचं नाव असेल तर लेकीचा हप्ता चुकल्यावर बँक तुमच्याकडेच येणार. व्याजात सवलत मिळते का, तेही विचारा. बी.ए.ला आणि इंजिनिअरिंगला नियम सारखे असतीलच असं नाही. पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या, हप्ता मिळून काढू.