तीन गाड्या आणि एक कागद

मुक्काम जबलपूर. येत्या मार्चअखेर पेन्शन. सव्वीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी आणि कम्यूटेशनचे पैसे एकदम हातात येणार, आणि ओतूरला धाकट्या भावाने त्यातली पिकअप आधीच ठरवून टाकली आहे. रोज मोबाईलवर तीन कंपन्यांची पत्रकं पाठवतो. "दादा, हिची ताकद बघ. दादा, हिचा हौदा बघ."

मी त्याला विचारलं, "जीएसक्यूआर लिहिलास का?" तो म्हणाला, "ते काय असतं?"

फौजेत वाहन घेण्याआधी आपल्याला काय हवं ते कागदावर उतरवतात. तोच हा कागद. तो चुकला की पुढचं सगळं चुकतं. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे जीप. सरकारी कागदोपत्री ती जीप नव्हतीच. तो होता पाव टनी ट्रक.

१९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रं धाडली. चारही चाकं ओढणारी गाडी हवी, वजन १,३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत. इतक्या कमी वजनात अशी गाडी बसतच नव्हती. पुढे आल्या फक्त दोन कंपन्या, बँटम आणि विलीज. मुदत पाळायची तयारी एकट्या बँटमने दाखवली. कंपनी लहान, कर्जात बुडालेली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोचली. तिथे तिला सुमारे ३,४०० मैल, तेही बहुतेक रस्ता सोडून, पिदडलं. मोडली, दुरुस्त केली, पुन्हा पळवली.

गाडी पसंत पडली, पण शंका उरली. एवढी छोटी कंपनी हजारोंनी गाड्या देणार कशा? म्हणून सैन्याने बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्डलाही दाखवले. नोव्हेंबरात दोघांचे नमुने आले. वजनाची अट तोवर २,१६० पौंडांवर गेली होती. विलीजची गाडी तरीही अडीचशेहून जास्त पौंडांनी भारी भरली. पण तिचं इंजिन ६० अश्वशक्तीचं, बाकी दोघींची ४५ च्या आसपास. ते इंजिन सोडवेना, म्हणून विलीजच्या बार्नी रूस यांनी गाडी सुटी करून एकेका भागातलं वजन कमी केलं. लांब बोल्ट कापले, रंगाचा हातसुद्धा एकच ठेवला, असं सांगतात.

तिघांनाही दीड-दीड हजार गाड्यांची ऑर्डर मिळाली. १९४१ च्या जुलैत मोठं कंत्राट विलीजला गेलं. फोर्डचा चपटा चेहरा त्यात घेतला गेला आणि पुढे फोर्डनेही विलीजच्याच नमुन्याच्या लाखो गाड्या बांधल्या. ज्याने पहिली गाडी दिली त्या बँटमच्या वाट्याला जीपमागे ओढायचे ट्रेलर आले. हीच विलीज १९४७ पासून महिंद्राने मुंबईत जोडायला घेतली आणि आपल्या फौजेत रुजली.

आपल्याकडचंही बघा. जबलपूरला बांधलेली जोंगा मुळात निसानची पेट्रोल. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' यातून तिचं नाव आलं. पुढे जिप्सीचं दिवस भरत आले तेव्हा कागद बदलला: ८०० किलो वजन, पक्कं छप्पर, वातानुकूलन. जिप्सीचा वर्ग ५०० किलोचा. नव्या कागदावर २०१७ साली ३,१९२ सफारी स्टॉर्मचं कंत्राट झालं. स्कॉर्पिओही स्पर्धेत होती. जिप्सी वाईट झाली नव्हती, गरज बदलली होती.

आता आमचा कागद. तीन वर्षांपूर्वी भावाने हौसेने एक जुनी पिकअप घेतली होती. ऐन टोमॅटोच्या हंगामात ती बंद पडली. पार्ट तालुक्यात मिळेना, नऊ दिवस गाडी उभी आणि माल शेतात सडला. त्या वर्षीचं सोसायटीचं कर्ज मी पगारातून फेडलं. म्हणून कलम पहिलं: पार्ट आणि मिस्त्री ओतूर-नारायणगावात मिळालेच पाहिजेत. बँटमला नडलं तेच. गाडी चांगली असून भागत नाही, तिच्यामागे पुरवठा उभा लागतो.

दुसरं, वजन. साठ क्रेट, प्रत्येकी वीस किलो, म्हणजे बाराशे किलो. वर दोन माणसं.

तिसऱ्या कलमावर आमचं वाजलं. भाऊ ताकदीवर अडून बसला. मी विचारलं, "माळशेज घाट भरलेली गाडी चढते की उतरते?" थोडा वेळ गप्प राहिला. माल कल्याणला जाताना गाडी भरून उतरते, येताना रिकामी चढते. विलीजला चढायचं होतं, तिला ताकद हवी होती. आम्हाला आधी ब्रेक हवेत.

आता भाऊ पत्रकं पाठवत नाही. पुढच्या रजेत बाराशे किलो भरून तिन्ही गाड्यांची घाटात ट्रायल घ्यायची आहे. जो शोरूमवाला द्यायला तयार नसेल, त्याची गाडी तिथेच बाद. माझ्या कागदात एखादं कलम राहिलं असेल, तर जुन्या एमटीवाल्यांनी जरूर सांगावं. पैसे एकदाच येणार आहेत.

जय हिंद.