त्या बोलपटांना ‘चित्रित नाटक’ म्हणण्याआधी

मराठी बोलपटाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं. १९३२ ते १९४० मधले आपले चित्रपट म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभी केलेली संगीत नाटकं. माणसं रंगभूमीवरची, बोलणं नाटकी, गाण्यांची रेलचेल आणि कॅमेरा एका जागी रुतून बसलेला. खरा चित्रपट नंतर आला; मग ती नटमंडळी विस्मरणात गेली तर त्यात नवल काय? हॉलिवुडच्या पहिल्या बोलपटांनाही हाच न्याय लावतात. १९५२ च्या ‘सिंगिंग इन द रेन’ने त्या काळाची जी हसरी चित्रं रंगवली, तीच पुढे इतिहास म्हणून खपली. मला हे मत मुळातच चुकीचं वाटतं. तेलंगणातल्या आदिलाबादेत, मराठी आणि तेलुगू दोन्ही कानांवर घेत वाढलेल्या माणसाला तर ते जास्तच खटकतं.

आधी पूर्वपक्षाला त्याचं माप द्यायला हवं. सुरुवातीच्या बोलपटांत कॅमेरा जखडलेला होता हे खरं आहे. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये शिरायची, म्हणून अमेरिकेत त्याला छायालेखकासकट बंद खोक्यात ठेवत. आपल्याकडे पार्श्वगायनाची सोय १९३५ पर्यंत नव्हती. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’ आणि ‘धूप छाँव’मध्ये ती आणली. तोवर नट किंवा नटी गात असताना तबला-पेटीवाले झाडाआड, पडद्यामागे, चौकटीच्या जेमतेम बाहेर बसत. माइक कुठेतरी दडवलेला असे आणि गाणारा त्याच्यापासून चार पावलं लांब गेला की आवाज पडे. अशा वेळी उभं राहून गाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण ही अडचण यंत्राची होती. तिच्यावरून कलावंतांची पारख करायची तर ते यंत्र हातात आल्यावर त्यांनी काय केलं, हेही पाहायला हवं.

तिकडे अमेरिकेत बोलपटाचं युग सुरू करणारा ‘द जॅझ सिंगर’ १९२७ च्या ऑक्टोबरात आला. दोनच वर्षांत, १९२९ मध्ये, रूबेन मामूलियनने ‘अप्लॉज’मध्ये कॅमेरा पुन्हा हिंडता केला आणि एकाच दृश्यासाठी दोन माइक लावून दोन आवाज एकत्र गुंफले. त्यात उतरत्या वयाची नर्तिका रंगवणारी हेलन मॉर्गन स्वतः तेव्हा तिशीचीही नव्हती. आज तिचं नाव किती जणांना ठाऊक आहे? त्याच वर्षी किंग व्हिडरने ‘हॅलेलुया’तला बराचसा आवाज चित्रण झाल्यावर जोडला आणि कॅमेरा मोकळा ठेवला. म्हणजे बोलपट पांगळा होता तो अगदी थोडा काळ.

आता आपल्याकडे येऊ. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ ला मुंबईत लागला. त्यात हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे नाटकातले, हे मान्य. पण तारामती झालेल्या दुर्गा खोटे यांचा रंगभूमीशी संबंध नव्हता. सुशिक्षित, सुखवस्तू घरातली बाई बोलपटात आली, याचाच तेव्हा गवगवा झाला होता. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’त त्या पाळलेल्या चित्त्यासह राणी होऊन उभ्या राहिल्या. पुढे ‘संत तुकाराम’मधली जिजाई, म्हणजे गौरी, तर हे चित्रपट काढणाऱ्या प्रभात कंपनीतच साध्या कामावर असलेली बाई. नाटकाचं शिक्षण नाही, संगीताची तालीम नाही. तरी तिची जिजाई भांडते, नवऱ्यावर करवादते, आणि त्यात एकही सूर खोटा लागत नाही. विष्णुपंत पागनीस स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांपैकी होते खरे, पण त्यांचा तुकाराम हात पसरून प्रेक्षागृहाला उद्देशून बोलत नाही. तो आपल्याच तंद्रीत असतो. शांताराम आठवल्यांनी त्या चित्रपटासाठी रचलेलं एक पद लोकांना तुकोबांचाच अभंग वाटलं, इतकं ते सगळं एकजीव झालं होतं. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. तिथल्या परीक्षकांना किर्लोस्कर-देवलांची परंपरा काय ठाऊक असणार? त्यांनी जे पाहिलं ते पडद्यावर होतं.

‘चित्रित नाटक’ या मताला सर्वांत मोठा अडथळा आहे तो खुद्द बालगंधर्वांचा. संगीत रंगभूमीवर त्यांच्यापेक्षा मोठं नाव नव्हतं. १९३५ मध्ये प्रभातने त्यांना ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत उभं केलं. पुढे ‘साध्वी मीराबाई’त तर त्यांचं नाटकच जवळजवळ जसंच्या तसं पडद्यावर आलं. दोन्ही पडले. बोलपट म्हणजे पडद्यावरचं नाटकच असतं, तर या दोन चित्रपटांनी सगळे विक्रम मोडायला हवे होते. ज्या प्रेक्षकाने रंगमंचावर गंधर्वांना रात्र-रात्र डोक्यावर घेतलं, त्याच प्रेक्षकाने पडद्यावर त्यांना नाकारलं आणि पागनीसांना डोक्यावर घेतलं. दोन कलांमधला फरक त्याला आपल्या आजच्या समीक्षकांपेक्षा नीट कळला होता, असं मला ठामपणे वाटतं.

शिवाय नाटक म्हणजे कुठलं नाटक? १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. नाटकी हातवारे आणि पल्लेदार भाषणं बाजूला ठेवून घरातल्यासारखं बोलणारी ती नवी रंगभूमी होती. केशवराव दाते आणि संगीतकार केशवराव भोळे याच वाटेने प्रभातला आले. रंगभूमीवरून माणसं आली, पण ती रंगभूमीही बदलाच्या ऐन भरात होती.

दाते आणि भोळे ‘कुंकू’त काय करतात ते एकदा कान देऊन ऐकावं. १९३७ चा हा चित्रपट, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यात एक जिकिरीचा निर्णय घेतला: पार्श्वसंगीत ठेवायचंच नाही. जे ऐकू येईल ते त्या घरातून आणि त्या रस्त्यावरून आलेलं असलं पाहिजे. त्यामुळे म्हाताऱ्या काकासाहेबांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ चित्रपटभर टिकटिकत राहतं, आणि ती टिकटिक हळूहळू काकासाहेबांच्या वयाचा हिशेब मांडू लागते. व्हायोलिनने जे सांगितलं असतं ते इथे लंबक सांगतो. त्यांची तरुण बायको नीरा झालेल्या शांता आपटे ग्रामोफोनवर तबकडी लावून तिच्या सुरात सूर मिळवतात. म्हणजे साथही गोष्टीतलीच, घरात दिसणाऱ्या ग्रामोफोनमधून येणारी. दात्यांचे काकासाहेब आरशासमोर मिशीला कलप लावतात तेव्हा संवाद नसतो, आणि तरी त्या माणसाची लाज आणि हौस दोन्ही दिसतात. हे रंगमंचावर कसं करायचं? तिथे शेवटच्या रांगेतल्याला मिशी दिसत नाही, आणि तीन अंकांत घड्याळाची टिकटिक कानात अशी भिनवता येत नाही. त्याआधी १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचा एकच डोळा सगळा पडदा व्यापतो. हिंदीत चंद्रमोहन, मराठीत दाते. रंगमंचाला जे कदापि जमणार नाही तेच हे लोक आधी शोधत होते.

मग ही माणसं विसरली का गेली? त्यांची कला मागे पडली म्हणून नव्हे. चित्रफीत नायट्रेटची असे. ती नुसत्या उष्णतेनेही पेटते, न पेटली तर कुजते. तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी जुन्या प्रती भावाने विकल्या जात. भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ आज कुठेच नाही. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं ते १९६४ मध्ये, म्हणजे पहिल्या बोलपटानंतर तीन दशकांहून अधिक काळाने. आणि त्याच पुण्यात २००३ च्या आगीत नायट्रेटवरचे जुने चित्रपट जळाले. जे उरलं त्याच्या प्रती ओरखडलेल्या, आवाज खरखरणारा. अशा प्रतीवरून कुणी म्हणावं की शब्दोच्चार कृत्रिम होते, तर तो दोष नटाचा की डब्याचा? ‘माणूस’मधली मैना झालेल्या शांता हुबळीकर १९३९ मध्ये घराघरांत पोचल्या आणि १९९२ मध्ये गेल्या तेव्हा बहुतेकांना त्या हयात होत्या हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्या अभिनयाविषयी मत बदललं म्हणून हे झालं नाही. चित्रपट पाहायलाच मिळत नव्हता.

आणखी एक कारण आहे, ते आदिलाबादेतून स्पष्ट दिसतं. आपण इतिहास भाषांच्या कप्प्यांत लिहिला. बेला, जैनदच्या बाजारात एकाच सौद्यात माणूस मराठी, तेलुगू, हिंदी बोलतो, वाटेत गोंडीही कानावर येते. पण चित्रपटाच्या पुस्तकात या भाषा एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. तेलुगूतला पहिला बोलपट ‘भक्त प्रल्हाद’ १९३१ चा, असं कित्येक वर्षं मानलं गेलं. अभ्यासकांनी जुने कागद तपासले तेव्हा त्याची तारीख निघाली ६ फेब्रुवारी १९३२, गाव मुंबई. ‘अयोध्येचा राजा’ लागला तोच दिवस, तेच शहर! त्यात लीलावती झालेल्या सुरभी कमलाबाई या १८८५ पासून तेलुगू नाटकं करणाऱ्या सुरभी घराण्यातल्या. आणि त्या घराण्याची मुळं मराठी, पूर्वज शिवकाळात दक्षिणेत उतरलेले, अशी त्यांची परंपरा. मराठी मुळाची बाई तेलुगूची पहिली नायिका होते, हे मराठी इतिहासात नाही, कारण चित्रपट तेलुगू. आणि तेलुगू इतिहासात मराठीचा उल्लेख ओझरता. आमच्या शेजारच्या करीमनगरात १९०९ मध्ये जन्मलेले पैडी जयराज १९२९ मध्ये मुंबईला गेले, मूकपटांत नायक झाले आणि बोलपट आल्यावरही दशकानुदशकं टिकले. बोलपटाने मूकपटाचे नट संपवले, या दुसऱ्या लाडक्या समजुतीला हे एकटे पुरेसे आहेत. १९८० चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तरी हैदराबादेत रवींद्र भारतीतल्या प्रदर्शनगृहाला त्यांचं नाव मिळेपर्यंत इथल्या पिढीला ते आपलेच, हे माहीत नव्हतं.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण आजच्या प्रेक्षकाला त्या संथ चालीचे चित्रपट पाहत बसवत नाही. ज्याने पाहिलंच नाही त्याच्या नावावर हा निकाल देऊ नये. ‘अयोध्येचा राजा’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ हे तिन्ही आजही पाहता येतात. आदिलाबादच्या मराठी शाळांत ६ फेब्रुवारीला ‘अयोध्येचा राजा’ लावावा आणि त्याच कार्यक्रमात, ज्याची प्रत उरलेली नाही त्या ‘भक्त प्रल्हाद’ची आणि कमलाबाईंची हकीकत तेलुगूच्या शिक्षकांनी सांगावी. एक प्रोजेक्टर आणि एक दुपार, एवढाच त्याचा खर्च आहे. त्यानंतर मुलांनी खुशाल म्हणावं की हे नाटक आहे. पण त्यांनी ते पाहून म्हटलेलं असेल.