ओळखीपलीकडचा उमेदवार : नोकरभरतीत सोशल नेटवर्किंग संकेतस्थळांचा वापर

शाळेला लिपिक हवा असो, पतपेढीला संगणक चालविणारा हवा असो वा कारखान्याला फिटर हवा असो, आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, “तुमच्या ओळखीत कोणी आहे का?” पूर्वी हा प्रश्न ओटीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात विचारला जाई. आज तो मोबाइलच्या पडद्यावर विचारला जातो. प्रश्न तोच असला तरी तो आता क्षणार्धात हजारो लोकांपर्यंत पोहोचतो. या बदलाने भरतीचे काम सोपे झाले आहे, हे निर्विवाद. मात्र ते अधिक न्याय्य झाले आहे काय, याचा विचार भरती करणाऱ्या प्रत्येकाने करावयास हवा. शाळा, रुग्णालये, पतसंस्था आणि लहान उद्योग चालविणाऱ्या आमच्या वाचकांना उपयुक्त ठरावी अशी माहिती येथे संकलित करीत आहोत.

पूर्वपीठिका

स्वातंत्र्योत्तर काळात नोकरीचे दोन राजमार्ग होते. एक वृत्तपत्रांतील ‘पाहिजेत’ या सदराचा आणि दुसरा सेवायोजन कार्यालयाचा. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक करणारा कायदा १९५९ साली झाला. नाव नोंदवून बोलावण्याची वर्षानुवर्षे वाट पाहणारी एक पिढी अनेकांना आठवत असेल.

महाजालावर नोकऱ्यांचा फलक लावण्याची कल्पना अमेरिकेत १९९४ साली ‘मॉन्स्टर बोर्ड’ने रूढ केली. भारतात संजीव बिखचंदानी यांनी १९९७ साली ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू केले. त्या वेळी देशात इंटरनेट वापरणारे फारच थोडे होते आणि आरंभी वृत्तपत्रांतील जाहिराती गोळा करूनच हे संकेतस्थळ भरले जाई. मे २००३ मध्ये ‘लिंक्डइन’ लोकांसाठी खुले झाले. २००४ साली ‘ऑर्कुट’ आणि ‘फेसबुक’ यांचा जन्म झाला. त्यांपैकी ऑर्कुट २०१४ साली बंद पडले, तर लिंक्डइन २०१६ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. ‘मॉन्स्टर’च्या भारतीय संकेतस्थळाचे नाव २०२२ पासून ‘फाउंडइट’ असे आहे. केंद्र सरकारनेही जुलै २०१५ मध्ये ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे संकेतस्थळ सुरू केले.

साधनांचे प्रकार

पहिला प्रकार नोकरीविषयक संकेतस्थळांचा. येथे नियोक्ता जाहिरात देऊ शकतो किंवा उमेदवारांनी आधीच भरून ठेवलेल्या बायोडाटांच्या साठ्यात शोध घेऊ शकतो. हा शोध मुख्यतः शब्दांवर चालतो. नियोक्त्याने ‘इलेक्ट्रिशियन’ असा शब्द टाकला आणि उमेदवाराने स्वतःस ‘वायरमन’ म्हटले असेल, तर दोघांची गाठ पडेलच असे नाही. म्हणून एकाच कामाची प्रचलित असलेली सर्व नावे जाहिरातीत लिहावीत, तसेच शोध घेतानाही ती वापरून पाहावीत.

दुसरा प्रकार व्यावसायिक जाळ्यांचा. लिंक्डइनवर प्रत्येक सभासद आपले शिक्षण, अनुभव व कौशल्ये मांडतो आणि परिचितांशी जोडला जातो. परिचिताचा परिचित तेथे दिसू लागतो. सध्या नोकरी शोधत नसलेल्या, परंतु चांगली संधी आल्यास विचार करू शकणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचता येणे, हा या जाळ्याचा मोठा लाभ. वृत्तपत्रातील जाहिरात अशा व्यक्तीच्या नजरेस पडत नसे, कारण तो ते पान उघडतच नसे.

तिसरा प्रकार फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप यांसारख्या सर्वसाधारण संपर्कसाधनांचा. कुशल कारागीर, चालक, परिचारिका, विक्रेते यांच्यापर्यंत पोहोचण्यास ही साधने अधिक उपयोगी पडतात, कारण या व्यवसायांतील अनेकांचे लिंक्डइनवर खाते नसते. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश फिरत राहतो आणि त्याची तारीख हरवते. जागा भरल्यानंतरही महिनोन्‌महिने दूरध्वनी येत राहतात आणि दूरवरून आलेला उमेदवार रिकाम्या हाताने परततो. संदेशातच संस्थेचे पूर्ण नाव व अर्जाची अंतिम तारीख घातल्यास हा त्रास टळतो.

दूरच्या ओळखींचे बळ

नोकरी ओळखीतून मिळते, हे आपण जाणतोच. परंतु ती कोणत्या ओळखीतून मिळते? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एका प्रसिद्ध निबंधात याचे उत्तर दिले. बोस्टनजवळील एका उपनगरात नोकरी बदललेल्या व्यक्तींना त्यांनी प्रश्न विचारले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांचा त्या ओळखीच्या व्यक्तीशी वरचेवर संबंध येत असे. ५५.६ टक्के लोकांची भेट अधूनमधून, तर २७.८ टक्के लोकांची भेट क्वचितच होत असे. कारण उघड आहे. आपल्या निकटच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी वार्ता दूरच्या परिचितांकडूनच येते.

लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवर पाच वर्षे चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अगदी निकटच्या नव्हे आणि अगदी परक्याही नव्हे, अशा मध्यम दूरच्या ओळखी नोकरी बदलण्यास सर्वाधिक साह्यभूत ठरतात, असे त्यांत आढळले. संगणकाधारित उद्योगांत दूरच्या ओळखींचा, तर इतर उद्योगांत जवळच्या ओळखींचा प्रभाव अधिक दिसला.

नियोक्त्याने यातून एक बोध घ्यावा. केवळ आपल्या कर्मचाऱ्यांच्या मित्रमंडळीत संदेश पाठविला तर आपल्याला आपल्याचसारखी माणसे मिळतील. जाळे कितीही मोठे असले तरी ते एका ठिकाणी बांधलेले असते आणि त्याच्या कक्षेबाहेर राहिलेला मासा त्यात सापडत नाही.

जाळ्याबाहेर राहणारे

कक्षेबाहेर कोण राहते? ज्याच्याजवळ स्मार्टफोन नाही, ज्याला इंग्रजीत बायोडाटा लिहिता येत नाही, ज्याच्या घरात यापूर्वी कोणी नोकरी केलेली नाही, तो तर राहतोच. पण कधी कधी यंत्रच काहींना बाहेर ठेवते, आणि हे नियोक्त्याच्या लक्षातही येत नाही.

अमेरिकेत फेसबुकवरील नोकरीच्या जाहिराती विशिष्ट वयाच्या लोकांनाच दाखविण्याची सोय होती. पन्नाशीच्या उमेदवारास ती जाहिरात दिसतच नसे, त्यामुळे आपल्याला डावलले गेले हेही त्यास कळत नसे. नागरी हक्क संघटनांशी मार्च २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार फेसबुकने तेथील नोकरी, घर व कर्ज यांच्या जाहिरातींत वय, लिंग व पिनकोडनुसार निवड करण्यास मज्जाव केला. परंतु त्याच वर्षी संशोधकांना असे आढळले की जाहिरातदाराने कोणतीही निवड केली नसतानाही लाकूडतोडीच्या कामाच्या काही जाहिराती नव्वद टक्क्यांहून अधिक पुरुषांना आणि दुकानातील रोखपालाच्या जाहिराती सुमारे ८५ टक्के स्त्रियांना दाखविल्या गेल्या. कोण जाहिरातीवर बोट ठेवील, याचा अंदाज यंत्र बांधते आणि त्याप्रमाणे ती वाटते.

अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१४ पासून बायोडाटांना गुण देणारी संगणकप्रणाली तयार करण्याचा प्रयत्न केला. मागील दहा वर्षांचे अर्ज तिला शिकविण्यात आले. त्यांत पुरुषांचे अर्ज अधिक असल्याने ‘महिलांचा बुद्धिबळ संघ’ अशा उल्लेखातील ‘महिलांचा’ या शब्दामुळेच ती गुण कमी करू लागली. प्रकल्प सोडून देण्यात आला. ही हकिगत २०१८ साली रॉयटर्सने प्रसिद्ध केली. जुन्या सवयी शिकवून यंत्राकडून नव्या न्यायाची अपेक्षा करता येत नाही, हाच याचा अर्थ.

यंत्रास दोष देताना आपले हात स्वच्छ आहेत असेही समजू नये. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले होते. पात्रता समान, फरक केवळ नावांचा. तरीही उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना अनुकूल उत्तर मिळण्याची शक्यता कमी आढळली. हे केवळ नावावरून झाले. सोशल नेटवर्किंग संकेतस्थळावर तर नावासोबत छायाचित्र, धर्म, सणवार, कुटुंब, राजकीय मते, आजारपण, सर्व काही एका दृष्टिक्षेपात येते. मुलाखतीत जे प्रश्न विचारण्यास सभ्य माणूस धजणार नाही, त्यांची उत्तरे तेथे न विचारताच मिळतात. एकदा पाहिलेले विसरता येत नाही, हीच खरी अडचण आहे.

भारतीय संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी आणि ते कारण संपल्यावर ती पुसून टाकावी, हे या कायद्याचे सूत्र आहे. परंतु व्यक्तीने स्वतःहून सर्वांसाठी खुली केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली आहे. म्हणजेच उमेदवाराच्या फेसबुकच्या भिंतीवर काय पाहावे आणि काय पाहू नये, हे पुष्कळसे नियोक्त्याच्या विवेकावरच सोपविलेले आहे.

भरती करणाऱ्यांसाठी काही पथ्ये

१. कामाचे स्वरूप, ठिकाण, वेळ, वेतनाची मर्यादा आणि अंतिम तारीख जाहिरातीत स्पष्ट लिहावी. ‘आकर्षक पगार’ या शब्दांनी कोणाचेच समाधान होत नाही.

२. एकाच साधनावर विसंबू नये. संकेतस्थळाबरोबर सरकारी सेवायोजन संकेतस्थळ, आयटीआय व महाविद्यालये, स्थानिक वृत्तपत्र आणि सूचनाफलक यांचाही उपयोग करावा. मराठीतही जाहिरात द्यावी. अर्ज हस्ते किंवा टपालाने स्वीकारण्याची सोय ठेवावी.

३. निवडीचे निकष अर्ज उघडण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावेत. उमेदवार आवडल्यानंतर निकष ठरविले, तर ते त्याच्याच मापाचे शिवले जातात.

४. व्यावसायिक माहितीपुरतेच पाहावे. खासगी खाती पाहणे एखाद्या पदासाठी खरोखर आवश्यक वाटल्यास ते मुलाखतीनंतर, सर्वांच्या बाबतीत सारखेच आणि निवड समितीबाहेरील व्यक्तीने करावे. कामाशी संबंधित तेवढीच बाब तिने समितीस कळवावी. काही आक्षेपार्ह आढळल्यास उमेदवारास खुलाशाची संधी द्यावी.

५. खाते त्याच व्यक्तीचे आहे याची खातरजमा करावी. आमच्या भागात एकाच गावात एकाच नावाची चार माणसे सहज भेटतात. एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी मारले जाऊ नये.

६. आधार, पॅन व बँकेचा तपशील निवड झाल्यावरच मागावा. निवड न झालेल्यांचे कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट करावेत.

७. प्रत्येक अर्जदारास उत्तर द्यावे, नकाराचे का होईना. एका कळीने शंभर जणांना निरोप पाठविता येतो, तेव्हा मौनास सबब उरत नाही.

विश्वासाचा प्रश्न

प्रामाणिक नियोक्त्यापुढे आणखी एक अडचण उभी आहे. उमेदवाराचा विश्वासच उडत चालला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा प्रसिद्ध केला. थायलंडमध्ये उत्तम पगाराच्या नोकरीच्या जाहिराती समाजमाध्यमांवर दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेण्यात येत होते आणि तेथे डांबून ठेवून काम करून घेतले जात होते. लक्ष्य होते ते संगणकाचे ज्ञान असलेले सुशिक्षित तरुण.

वसई, कोकण आणि गोव्यातील अनेक घरांचा चरितार्थ आखाती देशांवर व जहाजांवर अवलंबून आहे, म्हणून ही माहिती येथे देणे अगत्याचे वाटते. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालास १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानुसार नोंदणी करावी लागते. नोंदणी ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते. उमेदवाराकडून तो ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर यांहून अधिक शुल्क घेऊ शकत नाही. भारताने २०१५ साली मान्य केलेल्या सागरी कामगार करारानुसार खलाशाकडून नोकरी मिळवून देण्याचे शुल्क घेण्यास मनाई आहे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

नियोक्त्यानेही आपल्याकडून उमेदवाराची शंका दूर करावी. जाहिरात संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वा फलकावर लावावी, म्हणजे फिरता संदेश पडताळून पाहता येईल. संस्थेच्या नावाचा ई-मेल वापरावा, कार्यालयाचा पत्ता व दूरध्वनी द्यावा. ‘कोणत्याही टप्प्यावर पैसे आकारले जात नाहीत’ हे वाक्य ठळकपणे छापावे.

समारोप

साधने बदलत राहतील. आज ज्यांची नावे आपण घेतो त्यांपैकी काही ऑर्कुटप्रमाणे उद्या विस्मृतीत जातील. परंतु रिकाम्या जागेच्या दोन टोकांस दोन माणसे असतात, हे बदलणार नाही. एकास काम करणारा हवा असतो, दुसऱ्यास भाकर हवी असते. महाजालाने या दोघांमधील अंतर कमी केले, त्याचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र जाहिरात पाठवून झाल्यावर क्षणभर थांबून आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा, “आमच्या ओळखीत जो नाही, त्याच्यापर्यंत ही वार्ता कशी पोहोचेल?” हा प्रश्न विचारणाऱ्या संस्थेला उमेदवारांची वाण पडणार नाही, असे आम्हांस वाटते.