राजीनाम्यातला ‘राजी’

‘अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवले’ हे वाक्य वर्तमानपत्रात इतक्या वेळा येते की त्यातला विरोध आता कुणाच्या कानाला खटकत नाही. रजा म्हणजे मुळात संमती. अरबीत हा शब्द संतोष, प्रसन्नता, मान्यता या अर्थाचा. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. ज्या धातूपासून तो निघाला त्याच धातूचे राजी, मर्जी, नाराज आणि राजीनामा हेही शब्द आहेत. साहेबाची मर्जी, कर्मचाऱ्याची रजा, त्याची नाराजी आणि शेवटी त्याचा राजीनामा: नोकरीतला अर्धा व्यवहार या एका घराण्यातल्या शब्दांवर चालतो, आणि या घराण्याचे मूळ ‘मनापासून मान्य असणे’ हे आहे. म्हणूनच या शब्दांचा वापर आज कसा होतो याकडे मला बारकाईने पाहावेसे वाटते.

रजेचा जुना अर्थ अजून पुसलेला नाही. पाहुणे उठताना ‘आता आपली रजा घेतो’ म्हणतात, तेव्हा ते जाण्यासाठी यजमानाची परवानगीच मागत असतात. पुढे परवानगीचा हा शब्द, ज्या दिवसांसाठी परवानगी मिळाली त्या दिवसांना चिकटला. हिंदीत असे झाले नाही. तिथे ‘रज़ा’ ही इच्छा किंवा संमतीच राहिली, दिवसांना ‘छुट्टी’ म्हणतात. मराठी आणि गुजरातीने मात्र दिवसांनाच रजा म्हटले.

सुट्टी वेगळी. ती ‘सुटणे’ या आपल्या क्रियापदातून आली. सुट्टी सगळ्यांना मिळून असते, तिच्यासाठी अर्ज लागत नाही. ‘आज सुट्टी आहे’ आणि ‘आज मी रजेवर आहे’ यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. रविवारची सुट्टी मात्र आपोआप आलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची विश्रांती नव्हती. ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक आणि सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन ही मागणी लावून धरली. गिरणीमालकांनी ती १८९० मध्ये मान्य केली. लोखंड्यांनी कामगारांना मिळवून दिली ती सुट्टी. ती कुणा जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर उरली नाही.

रजेची गोष्ट मात्र हक्क आणि मर्जी यांच्या मध्येच अडकली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम भरणाऱ्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा ठरवून दिली. म्हणजे ती श्रमाने कमावलेली. सरकारी मराठीतला ‘अर्जित रजा’ हा शब्द त्या दृष्टीने अगदी नेमका आहे. पण ज्या नियमांत तो येतो ते महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ असेही सांगतात की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. कमावलेली वस्तूही मागूनच घ्यायची! कचेऱ्यांत याचा परिणाम रोज दिसतो. चांगली धडधाकट माणसे अर्जात ताप लिहितात, गावाकडच्या कार्याचे निमित्त शोधतात, कारण ‘मला विश्रांती हवी आहे’ एवढे कारण कुणी पुरेसे मानत नाही. कमावलेल्या दिवसांसाठी खोटे बोलायची वेळ कुणावर येऊ नये असे मला मनापासून वाटते.

ही रजा मागतो तो नोकर, म्हणून ‘नोकर’ या शब्दाची कहाणी इथे सांगायलाच हवी. फारसीने तो मंगोल भाषेतून घेतला. तिथे ‘नोकोर’ म्हणजे सोबती. आपले कुळ सोडून, स्वतःच्या इच्छेने एखाद्या सरदाराला येऊन मिळणारा योद्धा. चंगीझखान अजून तेमुजिन होता, त्याचे घोडे चोरीला गेले होते, तेव्हा वाटेत भेटलेला बोओर्चू नावाचा तरुण घरी न सांगता त्याच्याबरोबर निघाला आणि पुढे त्याचा पहिला नोकोर ठरला. म्हणजे येणेही राजीखुशीचे होते.

जाणे राजीखुशीचे असावे, हे ‘राजीनामा’ सांगतो. राजीनामा म्हणजे संमतीचा लेख. हिंदी पट्ट्यातल्या कोर्टात आजही त्याचा अर्थ तडजोड असा आहे. नोकरी सोडण्याला तिथे ‘इस्तीफ़ा’ म्हणतात. मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू या भाषांत मात्र राजीनामा म्हणजे पद सोडणे. याचे एक कारण मला जमिनीच्या कागदांत दिसते. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत, म्हणजे शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरण्याच्या पद्धतीत, जमीन सोडणारा राजीनामा लिहून देई आणि घेणारा कबुलायत, म्हणजे ती स्वीकारल्याचा लेख. सोडण्याच्या कागदाला तेच नाव होते, मग जमिनीची जागा खुर्चीने घेतली.

आता आपली वाक्यरचना पाहा. ‘मंत्र्याचा राजीनामा घेतला’, ‘तिला राजीनामा द्यायला लावला’. पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपन्यांत माणसाला खोलीत बोलावतात, लॅपटॉप तिथेच ठेवायला सांगतात आणि वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत असल्याचा मेल त्याच्याकडूनच लिहून घेतात. हा केवळ भाषेचा अपमान नाही, यात पैशाचा प्रश्न आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार देणे मालकावर बंधनकारक केले होते. स्वतःहून सोडणाऱ्याला ही भरपाई नाही. त्यामुळे ‘राजी’ हे एकच अक्षरयुग्म कागदावर आले की वीस वर्षे राबलेल्या माणसाच्या हातून मोठी रक्कम जाते.

दमदाटीने घेतलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, असे न्यायालयात मांडता येते. पण दम दिला होता हे त्या बंद खोलीत एकटा बसलेल्या माणसाने सिद्ध करायचे असते. जुन्या पद्धतीत जमीन सोडणारा आपला कागद मामलेदाराकडे देई, म्हणजे सोडणारा आणि घेणारा यांच्याखेरीज तिसऱ्या माणसाकडे. नोकरीचा राजीनामा मात्र जो मागतो त्याच्याच हातात पडतो. तिथेही कुणी तिसरा असावा: कामगार आयुक्तालयातला अधिकारी, युनियनचा प्रतिनिधी किंवा निदान सोबत आलेला एक सहकारी, जो सही करण्याआधी त्या माणसाला विचारील की तू राजी आहेस का.