ट्रिगर हलका करणे : वायूवर चालणाऱ्या रायफली

रायफलीचा ट्रिगर मागे ओढून गोळी सुटेपर्यंत बोटाला जो जोर लावावा लागतो, त्याला ट्रिगरचा ताण म्हणतात. नेमबाज त्याला ‘ट्रिगर वेट’ म्हणतात आणि तो ग्रॅममध्ये सांगतात. सैनिकी रायफलीत हा ताण अडीच-तीन किलोच्या घरात असतो, तर दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवलेला ट्रिगर सर्रास दिसतो. वायूवर चालणाऱ्या एअरसॉफ्ट रायफली या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतात. हा ताण कमी करण्याची खटपट हौशी माणसापासून ऑलिंपिकपटूपर्यंत सगळे करतात, कारण एकच : जड ट्रिगर ओढताना मनगट हलते आणि मनगटाबरोबर नळी.

एअरसॉफ्ट हा जपानमध्ये सत्तरच्या दशकात वाढलेला खेळ. त्यातली गोळी ६ मिलिमीटरची, प्लास्टिकची. जपानने २००६ साली कायद्यात दुरुस्ती करून या गोळीची ऊर्जा ०.९८ ज्यूलच्या आत बांधून टाकली. स्पर्धेच्या एअर रायफलीतून मात्र ४.५ मिलिमीटरची शिशाची गोळी सुटते आणि तिची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल भरते. जाती वेगळ्या असल्या तरी ट्रिगरचे दुखणे दोन्हीकडे एकच आहे.

वायूवर चालणाऱ्या एअरसॉफ्ट रायफलीचे पोट उघडून पाहिले, की हा ताण कुठून येतो ते लगेच कळते. आत स्प्रिंगने ताणलेला एक हॅमर असतो. त्याच्या खाचेत ट्रिगरची पोलादी कड अडकलेली असते. या अडकणीला सिअर म्हणतात. ट्रिगर ओढला की कड खाचेतून घसरते, हॅमर झेप घेतो, एका खिळीवर आदळतो आणि ती खिळी मॅगझिनमधली झडप क्षणभर उघडते. बाहेर पडलेला वायू गोळी ढकलतो आणि बोल्ट मागे रेटून हॅमर पुन्हा ताणून ठेवतो. म्हणजे बोटाला तीन गोष्टींशी झुंजावे लागते : ट्रिगरची स्वतःची छोटी स्प्रिंग, हॅमरच्या स्प्रिंगमुळे सिअरवर आलेला दाब आणि त्या दाबाखाली दोन पोलादी पृष्ठभागांचे घर्षण. हॅमरची स्प्रिंग जितकी कडक, तितके हे घर्षण जास्त.

पहिला मोह हॅमरची स्प्रिंग मऊ करण्याचा. ट्रिगर हलका होतो खरा, पण हॅमरचा ठोसाही मऊ होतो. पुण्याच्या उन्हाळ्यात तर हा उपाय हमखास अंगाशी येतो. एअरसॉफ्टमध्ये वापरला जाणारा ‘ग्रीन गॅस’ म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि त्यात थोडे सिलिकॉन तेल. प्रोपेनचा दाब २० अंश तापमानाला सुमारे साडेआठ बार असतो, तर ४० अंशांना साडेतेराच्या वर जातो. वाढलेला दाब झडप आतून घट्ट दाबून धरतो. मऊ स्प्रिंगवरचा हॅमर ती पुरती उघडू शकत नाही. गोळी रडतखडत बाहेर पडते किंवा पडतच नाही. एप्रिलच्या दुपारी पुण्याच्या वारजे भागातल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये मॅगझिन तापले, तर डिसेंबरच्या सकाळी अगदी बेतशीर वाटलेली जोडणी बिघडते.

दुसरा उपाय घर्षण कमी करण्याचा, आणि तोच खरा कारागिरीचा. सिअर आणि खाच यांचे एकमेकांना भिडणारे पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करतात, वंगणाचा अगदी पुसट थर देतात. कोन बदलायचा नाही, धार गोल होऊ द्यायची नाही. इथे कानस हातात घेणे हा शुद्ध आततायीपणा आहे. पोलादावरचा कठीण केलेला थर फार पातळ असतो. तो घासला गेला की खालचा मऊ धातू महिन्या-दोन महिन्यांत झिजतो. मग सिअर हॅमरला धरून ठेवेनासा होतो आणि एकदा ट्रिगर ओढल्यावर दोन-तीन गोळ्या सुटतात.

तिसरा मार्ग ओढ दोन टप्प्यांत वाटण्याचा. पहिल्या टप्प्यात ट्रिगर सैलसर मागे येतो आणि एका जागी थांबतो. बोटाला तिथे भिंत लागते. नेम जमला की उरलेला किंचित जोर. एकूण ताण तितकाच राहिला तरी शेवटच्या क्षणी द्यावा लागणारा झटका लहान होतो. गोळी सुटल्यावर ट्रिगर आणखी मागे किती सरकू द्यायचा, यासाठीही स्क्रू असतो. अनुभवी नेमबाजाला विचारले तर तो ग्रॅमचा आकडा मागाहून सांगेल. आधी सांगेल की सुटण्याची जागा प्रत्येक वेळी तीच हवी.

अशा नेमबाजांचे ठिकाणही जवळच आहे. वारज्याहून मुंबई-बंगळूर महामार्गाचा बायपास धरून उत्तरेला चांदणी चौक ओलांडला की पुढे बालेवाडी लागते. तिथले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथेच झाल्या. २०११ साली नेमबाज गगन नारंगच्या ‘गन फॉर ग्लोरी’ अकादमीची सुरुवातही इथलीच. पुणे परिसरात ट्रिगरच्या ताणाविषयी सर्वांत गंभीरपणे बोलणारी माणसे शोधायची तर इथल्या रेंजवर जावे लागते.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम याबाबतीत वाचण्यासारखे आहेत. दहा मीटर एअर रायफलला किमान ताणाची अट नाही. दहा मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅमची आहे, २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅमची आणि ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला १५०० ग्रॅमची. तपासणी साधी आणि कठोर. पिस्तुलाची नळी उभी धरायची, ट्रिगरच्या मध्याजवळ वजन अडकवायचे आणि ते सपाट पृष्ठभागावरून अलगद वर उचलायचे. वजन अधांतरी राहिले आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. तीनच प्रयत्न मिळतात. हवेच्या किंवा वायूच्या पिस्तुलाची तपासणी करताना दाब प्रत्यक्ष सोडला गेला पाहिजे, अशीही अट आहे. शेवटची मालिका संपताच सोडत काढून अचानक तपासणी होते आणि तीत नापास झालेला खेळाडू सरळ बाद होतो. ५०० ग्रॅम म्हणजे अर्धा किलो साखरेची पिशवी एका बोटाच्या पेरावर तोलणे. ७५ मिनिटांत ६० वेळा, नळी जागची न हलवता.

म्हणूनच ट्रिगर हलका झाला की नेम सुधारतो, हा समज अर्धाच खरा आहे. त्याचा पुरावा कोल्हापूरच्या नेमबाजांनी दिला. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. त्या प्रकारात ट्रिगर हवा तितका हलका ठेवता येतो. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले ते एक किलोच्या अटीखाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बालेवाडीत घडला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य घेऊन आला. गुडघ्यावर, पालथे आणि उभे, अशा तिन्ही अवस्थांत खांदा, हात आणि बोट यांचा कोन बदलतो. तोच ट्रिगर तिन्हीकडे सारखा सुटावा लागतो. हे बोटाचे शिक्षण आहे. ते गोळी न भरता हजारो वेळा ट्रिगर ओढून मिळते, आणि आधुनिक एअर रायफलींत वायू न सोडता असा सराव करण्याची सोय मुद्दाम दिलेली असते.

ताण कमी करण्याचे टोक म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रिगर. त्यात यांत्रिक घसरण जवळजवळ उरत नाही. बोटाच्या हालचालीने सर्किट जुळते आणि झडप विजेच्या इशाऱ्यावर सुटते. पण सर्किट बिघडले की बंदूक मुकी होते. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाचे असेच झाले.  दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, ५७५ गुणांवर अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात तिने कांस्य मिळवले.

हलका केलेला ट्रिगर सुरक्षित आहे का, हे ठरवायची परीक्षा घरच्या घरी होते. मॅगझिन काढावे, नळी रिकामी असल्याची खात्री करावी, हॅमर ताणून ठेवावा आणि रबरी हातोडीने दस्त्यावर व बाजूंवर टपली मारावी. हॅमर सुटला, तर ताण गरजेपेक्षा खाली गेला आहे. ताणाचा स्क्रू उलटा फिरवावा. सेफ्टी लावून ट्रिगर जोरात दाबावा, मग सेफ्टी काढावी. तेव्हाही काही सुटता कामा नये. डोळ्यांवर जाड पॉलिकार्बोनेटचा चष्मा या चाचणीतही हवाच.

भारतात शस्त्र नियम, २०१६ नुसार २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या नळीच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो. स्पर्धेची ४.५ मिलिमीटरची रायफल या मर्यादेत बसते. एअरसॉफ्टची ऊर्जा किरकोळ असली तरी तिची नळी ६ मिलिमीटरची, म्हणजे या मापाहून मोठी. त्यामुळे वारज्यातल्या रहिवाशाने अशी रायफल घेण्याआधी पुणे पोलीस आयुक्तालयाच्या परवाना विभागात लेखी विचारणा करावी, आणि हुबेहूब खऱ्या शस्त्रासारखी दिसणारी वस्तू पिशवीत झाकल्याशिवाय रस्त्यावर आणू नये.