मॉर्व्हाँ उद्यानातील ग्रॅव्हल सायकलमार्ग

फ्रान्सच्या बर्गंडी भागातील मॉर्व्हाँ या डोंगराळ प्रादेशिक निसर्गोद्यानातून (स्थापना १९७०) जाणारे कच्चे सायकलमार्ग. यांतील अनेक वाटा म्हणजे लाकूड वाहतुकीचे वनरस्ते होत. भूभाग मुख्यतः ग्रॅनाइटचा असून सर्वोच्च शिखर ओ-फोलँ ९०१ मी. उंच आहे, चढ लहान, पण लागोपाठ येतात. सुमारे ४० मिमी. रुंदीचे, कमी हवेचे टायर सुट्या खडीवर पकड देतात. ओंडक्यांच्या ट्रकांमुळे पडलेल्या चाकोऱ्यांत मात्र चाक घसरते. उद्यानातील बव्रे डोंगरावर (८२१ मी.) एडुई या केल्टिक जमातीची राजधानी बिब्राक्त होती. तेथेच इ. स. पू. ५२ मध्ये गॉल या केल्टिक लोकांचे नेतृत्व व्हर्सिंजेटोरिक्स या सरदाराकडे सोपवले गेले. पॅरिसकडे सरपण वाहून नेणाऱ्या प्रवाहांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेला उद्यानातील सेतों जलाशय १८५८ मधील आहे.